निर्वासित आणि विकास अभ्यासात पदव्युत्तर शिक्षण : गोव्यातून अर्ज करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

‘आंतरराष्ट्रीय विकास किंवा निर्वासितांचे प्रश्न या विषयांत एम.ए. करायचे आहे, तर कुठले विद्यापीठ बरे?’ हा प्रश्न गोव्यातले पदवीधर मला वरचेवर विचारतात. ब्रिटनमधून हीच पदवी घेऊन परतल्यापासून मी अनेकांचे अर्ज वाचले आहेत, आणि काहींना या वाटेला जाऊ नका असेही स्पष्ट सांगितले आहे. माझे मत असे की, विद्यापीठाचे नाव ही या प्रक्रियेतली चौथी-पाचवी पायरी आहे. आपल्याला नेमका कोणता प्रश्न अभ्यासायचा आहे हे एका वाक्यात सांगता येणे ही पहिली. ज्यांना ते सांगता येत नाही त्यांचे अर्ज गुण चांगले असूनही मागे पडतात, आणि प्रवेश मिळालाच तरी एवढा पैसा कशासाठी घातला हे पुढे घरच्यांना पटवणे अवघड होते. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. कोणती शाखा, ते आधी ठरवा

एकाच नावाखाली तीन वेगवेगळे अभ्यास चालतात. विकास अभ्यासात गरिबी, शेती, आरोग्य, स्थानिक शासन आणि परकीय मदतीचे राजकारण येते. निर्वासित आणि सक्तीचे स्थलांतर या शाखेत आंतरराष्ट्रीय कायदा, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र यांची सरमिसळ असते. तिसरी शाखा मानवतावादी मदतकार्याची. तिथे छावणीचे व्यवस्थापन, धान्य आणि औषधांचा पुरवठा, निधीचा हिशेब अशा कामाच्या गोष्टी शिकवल्या जातात. ज्याला प्रत्यक्ष मदतकार्यात उतरायचे आहे त्याने निव्वळ सैद्धांतिक अभ्यासक्रम घेतला, तर वर्षभर त्याची कुचंबणा होते.

इथेच व्याख्याही पक्की करून घ्या. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाच कारणांपैकी एखाद्या कारणावरून छळ होण्याची साधार भीती असलेली आणि स्वतःच्या देशाबाहेर असलेली व्यक्ती म्हणजे निर्वासित. पुरामुळे, धरणामुळे किंवा उपासमारीमुळे घर सोडावे लागलेला माणूस या व्याख्येत बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे सक्तीने विस्थापित झालेली होती आणि त्यांपैकी ७ कोटी ३५ लाख आपापल्या देशाच्या सीमेतच होती. म्हणजे या विषयातला मोठा भाग ‘निर्वासित’ या शब्दाच्या बाहेरचाच आहे. वास्कोच्या किंवा मडगावच्या वस्त्यांत राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांना ‘निर्वासित’ म्हणणारे अर्ज मी पाहिले आहेत. असा अर्ज वाचणाऱ्याचे मत पहिल्याच परिच्छेदात बनते, आणि ते अनुकूल नसते.

२. भारताची कायदेशीर स्थिती तोंडपाठ ठेवा

मुलाखत ऑक्सफर्डची असो की मुंबईची, भारतीय अर्जदाराला हा प्रश्न विचारला जाण्याची शक्यता दाट असते. भारताने १९५१ च्या करारावर आणि १९६७ च्या त्याच्या पूरक प्रोटोकॉलवरही सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेले तमिळ यांची व्यवस्था सरकार थेट पाहते, तर अफगाण, म्यानमारचे आणि इतर काही गट उच्चायुक्तालयाच्या दिल्ली कार्यालयाकडे नोंदणी करतात. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या स्थलांतर व परदेशी नागरिक कायद्याने घेतली. त्यामुळे जुन्या टिपणांवर विसंबू नका. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घटनेच्या कलम २१ चे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही दिले, तो निकाल मुळातून वाचावा.

हे सगळे पुस्तकातच पाहावे लागते असे नाही. गोव्याच्या सीमेपासून काही तासांच्या अंतरावर, उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोड येथे १९६० च्या दशकात वसवलेली तिबेटी वसाहत आहे. कळंगुट-हणजूण भागात दुकाने लावणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांचे कागद कसे असतात याची तुम्ही कधी चौकशी केली आहे का? त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असते, ज्याला ते ‘आरसी’ म्हणतात, आणि त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळे ओळखपुस्तक काढावे लागते. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी कायद्याने जन्मतः भारतीय नागरिक ठरतो. पण तो हक्क प्रत्यक्षात मिळवण्यासाठी लोकांना न्यायालयात जावे लागले, आणि २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो एका तरुणीच्या प्रकरणात मान्य केला. कायदा एक सांगतो आणि खिडकीपलीकडचा कारकून दुसरेच सांगतो, यातले अंतर हा या विषयातला फार मोलाचा प्रश्न आहे.

३. अभ्यासाचा प्रश्न गोव्यातच शोधा

सीरिया किंवा दक्षिण सुदानबद्दल बातम्यांतून वाचलेले लिहिण्यापेक्षा आपल्याला जवळून ठाऊक असलेल्या जागेवरून प्रश्न उभा करणे केव्हाही चांगले. साळावली धरणाखाली सांगे तालुक्यातले कुर्डी गाव गेले. तिथल्या लोकांचे वाडे आणि वालकिणी या वसाहतींत पुनर्वसन झाले. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष उघडे पडतात आणि जुने ग्रामस्थ देवदर्शनासाठी तिथे जमतात. वर्तमानपत्रांना दरवर्षी त्याची छायाचित्रे लागतात. अभ्यासकाने मात्र त्या छायाचित्रापलीकडे जाऊन विचारावे : पुनर्वसनात मिळालेली जमीन कोणाच्या नावावर झाली? ज्या कुळांच्या नावावर काहीच नव्हते त्यांचे काय झाले? धरणाचे पाणी कोणाच्या नळाला आधी आले? हा विकासजन्य विस्थापनाचा प्रश्न आहे आणि तो जगातल्या कोणत्याही विकास अभ्यास विभागाला कळतो.

दुसरा धागा पूर्व आफ्रिकेचा. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीन यांनी युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा त्यांत गोमंतकीय कुटुंबेही होती. ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता त्यांची एक वाट झाली. ज्यांचे युगांडाचे नागरिकत्व नाकारले गेले ते कुठल्याच देशाचे राहिले नाहीत, आणि त्यांची सोय उच्चायुक्तालयाने युरोपातल्या देशांत लावली. एकाच वाड्यावरच्या दोन भावांचे भवितव्य हातातल्या पुस्तिकेच्या रंगावर कसे ठरू शकते, हे गोव्याच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तुमच्या नात्यात किंवा शेजारी असे कोणी असेल तर त्यांच्याशी बोला, परवानगी घेऊन टिपणे काढा.

एका मोहापासून मात्र दूर राहा. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश प्रियोळला आणि केळशीहून शांतादुर्गा कवळ्याला कशी गेली, या कथेने अर्जाची सुरुवात करण्याचा मोह आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना होतो. ती कथा खरी आहे आणि आपल्या मनात तिचे स्थान मोठे आहे, पण प्रवेश समितीला तुमचा अभिमान तपासायचा नसतो. त्या स्थलांतराबद्दल तुम्ही काय नवे विचारू शकता हे सांगता येत असेल तरच ती कथा ठेवा, एरवी वगळा.

४. अनुभव मिळवा, पण योग्य रीतीने

पदवीनंतर एक-दोन वर्षे काम करून अर्ज करणारा विद्यार्थी थेट कॉलेजातून आलेल्यापेक्षा सरस ठरतो. गोव्यात निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्था जवळपास नाहीत, म्हणून थोडे आजूबाजूचे काम चालते : स्थलांतरित मजुरांच्या मुलांचे शिक्षण, मानवी तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांचे पुनर्वसन, मानसिक आरोग्य, पंचायत पातळीवरचे सर्वेक्षण. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर तमिळनाडूतील श्रीलंकन तमिळांच्या छावण्यांत जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस काम करत आली आहे. कलकत्ता रिसर्च ग्रुप सक्तीच्या स्थलांतरावर अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेतो, आणि दिल्लीच्या इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉमध्ये मानवी हक्क व निर्वासित कायद्याची पदविका करता येते. हा विषय आपल्याला झेपतो का हे कमी खर्चात पाहण्याचा तो चांगला मार्ग आहे.

मुंडगोडला किंवा कुठल्याही छावणीत गेलात तर लोकांना पहिल्याच भेटीत ‘तुम्ही पळून कसे आलात’ असे विचारू नका. मुलांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका. परदेशी विद्यापीठांत संशोधनापूर्वी नैतिक परवानगी घ्यावी लागते. आधी बेशिस्तपणे गोळा केलेली माहिती प्रबंधात वापरता येत नाही.

५. आता विद्यापीठ निवडा

ऑक्सफर्डचे रेफ्युजी स्टडीज सेंटर १९८२ मध्ये बार्बरा हॅरल-बाँड यांनी सुरू केले आणि तिथला निर्वासित व सक्तीच्या स्थलांतराचा एम.एस्सी. अभ्यासक्रम नऊ महिन्यांचा आहे. अवधी लहान, वाचन प्रचंड आणि इंग्रजीची अट कडक. विकास अभ्यासासाठी ससेक्स विद्यापीठाच्या परिसरातील १९६६ साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज, हेगमधील इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज, लंडनचे सोआस आणि जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट ही नावे आधी पाहावीत. कॅनडात टोरँटोच्या यॉर्क विद्यापीठात निर्वासित अभ्यासाचे जुने केंद्र आहे. मदतकार्याकडे ओढा असेल तर युरोपीय विद्यापीठांचा ‘नोहा’ हा संयुक्त अभ्यासक्रम, आणि स्थलांतराच्या सामाजिक बाजूकडे असेल तर ओल्डनबुर्ग विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारा ‘एमिर’ पाहावा. नोकरी सोडता येत नसेल तर लंडन विद्यापीठाचा निर्वासित संरक्षणावरील एम.ए. दूरस्थ पद्धतीने करता येतो.

देशात राहून शिकायचे तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ हे उत्तम पर्याय आहेत. टाटा संस्थेसाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ज्याला पुढे भारतातच संस्थात्मक काम करायचे आहे त्याने परदेशाचा हट्ट धरू नये, असे माझे ठाम मत आहे. टाटा संस्थेच्या देवनार परिसरातल्या दोन वर्षांत जे क्षेत्रकार्य आणि ज्या ओळखी मिळतात त्या ब्रिटनच्या एका वर्षात मिळत नाहीत.

६. पैशाचा हिशेब प्रवेशाआधी मांडा

ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत तिथला एक वर्षाचा खर्च पूर्ण भागतो, पण त्यासाठी किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंग येथे भारतीय विद्यार्थ्यांना मिळते. इनलॅक्स आणि १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती यांचाही विचार करावा. युरोपातील संयुक्त अभ्यासक्रमांना युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती असते आणि तिचा अर्ज बहुधा प्रवेशाच्या अर्जाबरोबरच होतो.

गोवेकरांसाठी पर्वरीला दोन दारे आहेत. गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देते, आणि उच्च शिक्षण संचालनालयाची मनोहर पर्रीकर यांच्या नावाची गोवा स्कॉलर्स योजना आहे. दोन्हींच्या अटी आणि मुदती अधिसूचनेनुसार बदलतात; शेजाऱ्याच्या मुलीला मागच्या वर्षी काय मिळाले यावर हिशेब बांधू नका, चालू वर्षाचे परिपत्रक हातात घ्या. निवासाच्या दाखल्यासाठी मामलेदार कार्यालयात अर्ज लवकर टाका, कारण चतुर्थीच्या आसपास तिथले काम मंदावते आणि परदेशी विद्यापीठ चतुर्थी ओळखत नाही.

अनुसूचित जाती आणि काही इतर गटांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात एक मेख आहे : २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यासाचे विषय तिच्यातून वगळले आहेत. तुमचा प्रश्न कुर्डीचा किंवा मुंडगोडचा असेल तर अर्जात विषयाची मांडणी करण्यापूर्वी ही अट शब्दशः वाचा.

७. कागदपत्रे

जमवायची यादी अशी :

– दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका
– गोवा विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट (सर्व विषय आणि गुणांचा अधिकृत उतारा) आणि पदवी प्रमाणपत्र
– किमान दीड-दोन वर्षे मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट
– आयईएलटीएस किंवा तत्सम परीक्षेचा निकाल, जो दोन वर्षेच ग्राह्य असतो
– दोन किंवा तीन शिफारसपत्रे
– कामाच्या अनुभवाची पत्रे, त्यांत तारखा आणि तास स्पष्ट लिहिलेले
– जन्मदाखला, निवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला
– बायोडेटा, एसओपी (हा अभ्यास का करायचा ते सांगणारे निवेदन, ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’) आणि मागितल्यास लेखनाचा नमुना

गोव्यात सर्वांत जास्त घोळ होतो तो नावांचा. आजोबांच्या कागदावर ‘पोरोबो’, वडिलांच्या कागदावर ‘प्रभू’, मुलीच्या शालान्त प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव मधे आणि पासपोर्टवर मधले नावच नाही, हा प्रकार घरोघरी आहे. अर्जात पासपोर्टवरचेच नाव, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे वापरा. फरक किरकोळ असेल तर एकाच व्यक्तीची दोन नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र पुरते. फरक मोठा असेल तर नावबदलाची रीतसर प्रक्रिया करून घ्या, आणि ती शिष्यवृत्तीच्या मुदतीच्या महिनाभर आधी सुरू करून भागत नाही.

दुसरा सापळा पोर्तुगीज नागरिकत्वाचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्या आजी-आजोबांच्या आधारे पोर्तुगीज पासपोर्ट घेण्याचा विचार घरात चालू असेल, तर शिक्षणाच्या आधी की नंतर हे बसून ठरवा. परदेशी नागरिकत्व स्वीकारले की भारतीय नागरिकत्व संपते आणि त्याबरोबर भारतीयांसाठीच्या शिष्यवृत्त्याही हातच्या जातात. युरोपीय संघातल्या काही देशांत शुल्क कमी होते हे खरे, परंतु ब्रिटनमध्ये २०२१ पासून नव्याने येणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यांना सर्वसाधारणपणे परदेशी दरानेच शुल्क भरावे लागते. शिवाय परदेशी पासपोर्ट असल्यावर मुंडगोडच्या वसाहतीत मुक्काम करण्यासाठी संरक्षित क्षेत्राचा परवाना काढावा लागतो, जो भारतीयाला लागत नाही.

८. एसओपी आणि शिफारसपत्रे

एसओपी हजार शब्दांच्या आत असते. त्यात चार गोष्टी याव्यात : तुमचा प्रश्न, तो तुमच्यापुढे कसा आला, त्यावर तुम्ही आतापर्यंत काय वाचले-केले, आणि याच विभागात तो का पुढे न्यायचा. ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य खोडून टाका. त्याऐवजी असे काही लिहा : ‘वाड्याच्या पुनर्वसन वसाहतीत मी चाळीस कुटुंबांशी बोललो, त्यांत जमिनीचे कागद पुरुषाच्या नावावर आणि पाण्याचे काम बाईच्या माथ्यावर असे चित्र दिसले.’ अर्थात हे काम खरोखर केले असेल तरच. ज्या प्राध्यापकांचे लेख तुम्ही वाचले नाहीत त्यांची नावे केवळ संकेतस्थळावर दिसली म्हणून टाकू नका.

शिफारसपत्रासाठी मंत्री, आमदार किंवा मोठ्या हुद्द्यावरचे काका शोधू नयेत. ज्या शिक्षकाने तुमचा प्रकल्प तपासला, त्याच्या दोन परिच्छेदांना जास्त वजन असते. पत्र विद्यापीठाच्या पोर्टलवर शिक्षकाला स्वतः चढवावे लागते आणि त्यासाठी बऱ्याचदा संस्थेचा ईमेल लागतो. आपल्याकडचे कित्येक सर आणि मॅडम अजून खासगी ईमेलच वापरतात. म्हणून त्यांना आधी भेटा, तुमचा बायोडेटा आणि एसओपीचा मसुदा द्या, आणि मुदतीच्या पंधरा दिवस आधी नम्रपणे आठवण करा.

९. वेळापत्रक

जून ते ऑगस्टमध्ये वाचन, इंग्रजीची परीक्षा आणि ट्रान्सक्रिप्ट उरकावे. चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात आणि शरद ऋतूत बंद होतात. ब्रिटनमधील शिष्यवृत्तीसह अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत संपते, संयुक्त युरोपीय अभ्यासक्रमांचीही त्याच सुमारास, आणि सीयूईटी-पीजीची नोंदणीही हिवाळ्यातच होते. पदवीचे शेवटचे वर्ष चालू असताना अर्ज करता येतो. प्रवेश मग निकालाच्या अटीवर मिळतो.

१०. व्हिसा

ब्रिटनच्या व्हिसासाठी दाखवायची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एक दिवस जरी ती कमी झाली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो, म्हणून त्या महिन्यात त्या खात्यातून काहीही खर्च करू नका. क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारच्या यादीतल्या केंद्रातच करावी लागते. घरच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र चालत नाही. आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरावा लागतो. जानेवारी २०२४ पासून अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना जोडीदार किंवा मुले अवलंबित म्हणून नेता येत नाहीत. जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी झाल्याचा दाखला) आणि ब्लॉक्ड अकाउंट (राहणीखर्चाची रक्कम आधी भरून ठेवलेले, दरमहा ठरावीकच काढता येणारे खाते) लागते.

११. पदवीनंतरचे काय

या क्षेत्रातल्या नोकऱ्या सध्या आटल्या आहेत. अमेरिकेची यूएसएड ही मदतसंस्था जुलै २०२५ मध्ये बंद झाली आणि निर्वासित उच्चायुक्तालयालाही मोठी कर्मचारी कपात करावी लागली. भारतात एफसीआरए या परदेशी देणग्यांवरील कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले, त्यामुळे लहान संस्थांचे हाल झाले. मोठे कर्ज काढून हे शिक्षण घ्यायचे असेल तर ही परिस्थिती घरात मोकळेपणाने सांगा. संख्याशास्त्र, जमिनीच्या कागदांचे वाचन, एखादी नवी भाषा, यांपैकी एक तरी कौशल्य सोबत असेल तर संशोधन संस्था, कायदा सल्ला आणि सरकारी मूल्यमापनाची कामे मिळू शकतात.

गोव्यातल्या महाविद्यालयात शिकवण्याचा बेत असेल तर आणखी एक बाब तपासा. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला, त्यामुळे एक वर्षाच्या ब्रिटिश एम.ए.ची अडचण बरीच कमी झाली. परंतु नेट परीक्षेत निर्वासित अभ्यास असा विषय नाही. राज्यशास्त्र, समाजकार्य किंवा मानवी हक्क यांपैकी एखाद्या विषयातून ती द्यावी लागते, आणि सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी’ असे लिहिलेले असते. तुमच्या पदवीवर जे नाव छापले जाणार आहे ते त्या ‘संबंधित विषया’त मोडते की नाही, याची लेखी विचारणा प्रवेश स्वीकारण्यापूर्वीच करून ठेवा.